वरणातल्या कॅप्सूल

गोपाळकृष्ण म्हणजे एक नंबरचे हेकट. चार वर्षांपूर्वी हृदयात कृत्रिम झडप बसवली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज ठरल्या वेळी, आणि त्यावर दुसरं काही म्हणून नाही. गुडघे धरून कण्हत जिना चढतील, पण लेकीनं, कादंबरीनं, अमेरिकेहून पाठवलेल्या हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलला हात लावतील तर शपथ. "आधी डॉक्टरांना विचार," एवढंच म्हणाले. त्यांच्या बायकोला, हेमाला, ते काही पटेना. अहो, हळदीसाठी कुणी डॉक्टरकडे जातं का? जन्मभर फोडणीत घातली तीच ना ही! आणि त्यांचं ते कण्हणं तिला खरंच ऐकवत नव्हतं.

शेवटी तिनं परस्परच ठरवलं. रोज दोन कॅप्सूल उघडायच्या आणि त्यांच्या वाटीतल्या वरणात ढवळायच्या. पिवळ्यात पिवळं, कुणाला कळतंय!

तीन आठवड्यांत गुडघे हलके झाले. कर्वेनगरच्या बागेत दोन-दोन फेऱ्या होऊ लागल्या, तशी हेमा मनातून फुशारली. मग एके दिवशी दाढी करताना लागलं, ते तासभर वाहतच राहिलं. दंडावर जांभळे डाग दिसले, तशी ती त्यांना डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली.

तपासणीत रक्त भलतंच पातळ निघालं. नवीन काही घेताय का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तुम्ही दिलंय तेवढंच. हिला विचारा हवं तर," गोपाळकृष्ण ताठ मानेनं म्हणाले.

मेली लाज आडवी आली. हेमानं नुसती मान डोलावली. बाईंनी गोळी निम्मी केली.

घरी येताच तिनं कॅप्सूलची बाटली कचऱ्यात टाकली आणि सुटले बाई म्हणाली. कसली सुटतेय! अर्कही गेला, गोळीही अर्धी झाली. रक्त आतल्या आत घट्ट होत चाललं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांच्या हातून चहाचा कप सुटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

दवाखान्यात खाटेशी उभं राहून, त्यांचा हात धरून, हेमानं सगळं सांगून टाकलं.

"त्या दिवशी बोलला असतात, तर मी तो अर्क तेवढा बंद केला असता, गोळी निम्मी केली नसती," डॉक्टरबाई म्हणाल्या.

गोपाळकृष्णांना बोलता येत नव्हतं, ऐकू येत होतं. त्यांनी हेमाच्या हातातून आपला डावा हात काढून घेतला.