गिरणीतली विर्वे आणि पार्नूचा गायकवृंद

पार्नू या बंदराच्या गावी, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये ती सव्वीस माणसं अकरा वर्षं गात होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दिवसाची कामं उरकून. कुणी शाळामास्तर, कुणी दातांचा डॉक्टर, कुणी बंदरावरचा कारकून. आणि विर्वे लिननच्या गिरणीत मागावर. गाणं सगळ्यांचं, पगार कुणालाच नाही.

एकोणीसशे एक्याऐंशीच्या जानेवारीत राजधानीतून पत्र आलं. वृंदाला गाणं शिकवणाऱ्या हेल्दुर मास्तरांनी अंगातला ओव्हरकोटही न काढता ते वाचून दाखवलं. वृंदाला सरकारी मान्यता मिळणार होती. आता गाणं हीच नोकरी! बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दातांचा डॉक्टर म्हणाला, "चला, गावाचे दात वाचले!"

"खाली एक अट आहे," मास्तर म्हणाले. "एप्रिलमध्ये परीक्षक येणार. प्रत्येकानं एकट्यानं उभं राहायचं आणि कधी न पाहिलेली स्वरलिपी वाचून गायची. ज्याला जमणार नाही, तो बाहेर."

 विर्वेला स्वरलिपी वाचता येत नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या माइमूचा सूर ती पहिल्या खेपेला कानानं टिपायची, दुसऱ्या खेपेला सगळं पाठ. हातातला कागद नुसता शोभेला. अकरा वर्षांत कुणाला पत्ता नव्हता.

त्या शुक्रवारी ती मास्तरांसमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

मास्तर लालबुंद झाले. "अकरा वर्षं मला बनवलंत, बाई?"

"बनवलं, मास्तर."

"आणि हे आत्ता सांगताय? तीन महिने राहिलेत!" ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.  मग बाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाले, "वाद्याची साथ नसली की लांब गाण्यात सगळ्यांचा सूर हळूहळू उतरतो. तुमचा उतरत नाही. तुमच्या आधारावर बाकीचे उभे आहेत. तुम्ही गेलात तर मी काय करू? उद्या सकाळी माइमूकडे जा. रविवारी माझ्याकडे."

माइमू बालवाडीतली बाई. तिनं विर्वेला पोरांसारखंच बसवलं. "ही पाच ओळींची शिडी. या पायरीवर कोण बसलंय?"

"माझं नशीब," विर्वे म्हणाली.

"नशीब नंतर. आधी सूर सांग!"

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. काळ्या पावाचा घास तोंडात आणि डोळे कागदावर, अशी ती जेवायची. गिरणीत मागांच्या धडधडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून बायका ओठ वाचायच्या. विर्वेच्या ओठांवरची सुरांची नावं मात्र त्यांना कळेनात; त्यांना वाटलं, ही देवाचं काही तरी पुटपुटतेय. हळूहळू ते काळे ठिपके दिसायचे थांबले आणि ऐकू यायला लागले.

परीक्षेला राजधानी तालिनहून आलेल्या बाई उंच आणि करड्या. विर्वेला त्यांनी हातानं लिहिलेलं एक पान दिलं. "सुरू करा."

विर्वेचा आवाज स्थिर निघाला. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीच्या मध्यात ती थांबली.

"काय झालं? अडलात?"

"अडले नाही, बाई. इथला सूर चुकलाय."

मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"पान मी स्वतः उतरवलंय," बाई थंडपणे म्हणाल्या. "जे लिहिलंय ते गा."

विर्वेनं लिहिलेलं जसंच्या तसं गायलं. मग म्हणाली, "आणि हे असं असायला हवं," आणि तीच जागा अर्ध्या सुरानं खाली घेऊन पुन्हा गायली.  बाईंनी पिशवीतून छापील पुस्तक काढलं, चष्मा लावला, बोट ठेवून ओळ शोधली. चष्मा काढला.

"उतरवताना माझीच चूक झाली," त्या म्हणाल्या. "सकाळपासून अठरा जण हे पान गाऊन गेले, एकालाही कळलं नाही. किती वर्षं वाचताय तुम्ही स्वरलिपी?"

"जानेवारीपासून."

बाई खळखळून हसल्या. "मास्तर, परीक्षा हिची होती आणि नापास मी झाले!"

सव्वीसच्या सव्वीस पास झाले. सप्टेंबरमध्ये विर्वेनं गिरणीत राजीनामा दिला आणि ऑक्टोबरात सरकारी वृंदाची पहिली मैफल झाली. गिरणीतल्या बायका पुढच्या दोन रांगा अडवून बसल्या होत्या. शेवटचं गाणं बावीस मिनिटांचं, साथीला एकही वाद्य नाही. ते संपल्यावर मास्तरांनी सूर पडताळायला पियानोची एकच पट्टी दाबली. सूर केसभरही उतरला नव्हता. लोक उभे राहिले, जमिनीवर पाय आपटू लागले.

"विर्वे! आमची विर्वे!" गिरणीच्या बायका ओरडत होत्या.

मास्तरांनी तिचा हात धरून तिला पुढे आणलं. विर्वे खाली वाकली, उठली, आणि एवढ्या लोकांसमोर खदखदून हसली.