टोल कटला म्हणजे पोहोचला

मित्रांनो, मी एक जुना फास्टॅग आहे. जुना म्हणजे चारच वर्षांचा, पण आमच्यात एवढ्यात म्हातारपण येतं. गाडीच्या पुढच्या काचेवर आतून चिकटवलेला चौकोनी कागद तुम्ही पाहिला असेल. मी तोच. पण मी काचेवर कधी चिकटलोच नाही, आणि माझ्या हातून जे वाईट घडलं ते त्यामुळेच घडलं.

माझ्या पोटात तिळाएवढी एक चिप आहे आणि तिच्याभोवती धातूची पातळ पट्टी आहे. बॅटरी वगैरे काही नाही. टोलनाक्यावर गाड्यांच्या वर उंच बसवलेलं यंत्र लहरी सोडतं, त्यांच्या जोरावर मला क्षणभर वाचा फुटते, मी माझा नंबर सांगतो आणि पुन्हा गप्प होतो. बाकीचं काम संगणक करतो. हा नंबर कोणत्या गाडीचा, तिच्या खात्यात पैसे आहेत का, हे तो पाहतो, पैसे कापतो, आडवा दांडा वर करतो आणि नोंदवलेल्या फोनवर मेसेज पाठवतो. हे सगळं तुम्ही शिंकून नाक पुसेपर्यंत होतं. मला याचा फार गर्व होता.

बुऱ्हाणपुरातल्या एका पेट्रोल पंपावर टेबल मांडून एक मुलगा आम्हाला विकत होता. तिथे दगाने मला घेतलं. दगा जवळच्या जसोंडी गावचा. स्वतःच्या पिकअपमधून बहादरपूरची केळी इंदूरला पोचवायची, हा त्याचा धंदा. बोलणं कमी, गाडी मात्र सांभाळून चालवायची. त्या दिवशी त्याचा फोन पाण्याच्या हौदात पडून बंद होता. मुलाने नंबर विचारला तेव्हा त्याने बायकोचा, मालूबाईचा, नंबर दिला. तो पुढे बदलायचा राहून गेला.

काचेला कोपऱ्यातून तडा गेला होता. "काच बदलायची आहे, तेव्हा चिकटवतो," असं म्हणत त्याने केळीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि मला त्यावर चिकटवून समोर ठेवलं. काच बदलली आठ महिन्यांनी. तोवर मला पुठ्ठ्याची आणि त्याला माझी सवय झाली होती.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची होती. रोख पैशांच्या दिवसांत नाक्यावर गाड्यांची शेपटी लागायची आणि वैशाखात उभ्या गाडीत केळी काळवंडायची. इंदूरचा व्यापारी एक डाग दिसला की भाव पाडायचा. मी आलो आणि दगाचा तास वाचू लागला. बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारातले कापडवाले इंदूरला माल आणायला जातात, तेही म्हणायचे की आता निघायची आणि पोचायची वेळ सांगता येते, हिशेबाची पावतीही आपोआप मिळते. ही स्तुती मी माझीच समजून ऐकायचो.

सगळ्यांत जास्त मान मला मालूबाईने दिला. मेसेज इंग्रजीत असायचा. तिला इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. गाडीचे शेवटचे चार आकडे दिसले की ती ओळखायची, दगा नाक्यावर पोहोचला. इंदूरच्या वाटेवर दोन नाके आहेत, जाताना दोन मेसेज, येताना दोन. चौथा आला की ती भाकरीचं पीठ काढायची. गाडी दारात थांबायची तेव्हा तवा तापलेला असायचा.

शेजारची अलका तिला चिडवायची. "आमच्याला धा वेळा फोन लावा लागते, तवा कुठं मालूम पडते कुठं हाये तो. तुझं बरं हाये बाई."

"मला काय फोनचं काम?" मालूबाई हसून म्हणायची. "टोल कटला म्हणजे पोहोचला."

नाक्यावर कामाला असलेली एक मुलगी मात्र माझ्यावरून ओरडायची. पूर्णिमा तिचं नाव. मी पुठ्ठ्यावर खाली पडलेलो असायचो, वरच्या यंत्राला दिसायचो नाही. मग दगा मला खिडकीतून बाहेर धरायचा आणि ती हातातलं यंत्र घेऊन धावत यायची. "काका, ये काच पे लगाव नं. लूज टॅग की रिपोर्ट करनी पडती है हमको, बंद हो जाएगा." दगा मान डोलवायचा. मागून हॉर्न वाजायचे, माणूस ओळखीचा, ती सोडून द्यायची. मला तेव्हा तिची दया फार आवडायची. आज वाटतं, पोरी, तू तेव्हाच मला बंद करायला हवं होतंस.

गेल्या वर्षी वैशाखातली गोष्ट. त्या दिवशी बहादरपूरला दोन पिकअप भरल्या गेल्या, एक दगाची आणि दुसरी ललितची. ललित दगाच्याच गल्लीतला, त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, त्याच्याच हाताखाली गाडी शिकलेला. केवायसीचे कागद न दिल्याने त्याचा टॅग सकाळीच काळ्या यादीत गेला होता. टॅगशिवाय गेलं तर जास्तीचे पैसे भरावे लागतात.

"दगाभाऊ, तुमचा टॅग द्या नं आजच्या दिवस," ललित म्हणाला. "माझी गाडी पुढं हाये. मी निघून जातो, पलीकडं चहाच्या टपरीवर थांबतो. तुम्ही आले की चालत येऊन तुमच्या हातात देतो. तुम्ही नाक्याच्या अलीकडं उभे राहा फक्त."

अशी देवाणघेवाण केळीवाले नेहमी करत. दगाने पुठ्ठ्यासकट मला उचललं आणि त्याच्या हातात ठेवलं. काचेवर असतो तर मला काढता आलं नसतं. काढायला गेलं की आतली पट्टी फाटते आणि मी मरतो. आम्हाला मुद्दाम तसं बनवलेलं असतं. त्यामागचं कारण मला त्या दिवशी कळलं.

सव्वादहाला ललितने घाट उतरून पहिला नाका ओलांडला. यंत्राने विचारलं, मी नंबर सांगितला. दगाच्या गाडीचा नंबर. मला दुसरा कुठला ठाऊकच नाही. दांडा वर झाला आणि जसोंडीला मालूबाईच्या फोनवर मेसेज गेला.

त्याच सुमाराला मागे घाटात दगाच्या गाडीचं पुढचं टायर फुटलं. वळणावरचा कठडा आधीच तुटलेला होता. गाडी खाली उतरत गेली आणि पळसाच्या झाडीत उलटी होऊन थांबली. रस्त्यावरून ती दिसत नव्हती. हे मी पाहिलं नाही, नंतर ऐकलं.

ललित टपरीवर थांबला. एक चहा झाला, दुसरा झाला. दगाचा फोन लागेना. घाटात रेंज नसते, म्हणून आधी त्याला काही वाटलं नाही. पाऊण तास झाला तेव्हा त्याने मालूबाईला फोन लावला. मी समोरच्या पुठ्ठ्यावर होतो, प्रत्येक शब्द ऐकत होतो.

"वहिनी, दगाभाऊचा काही फोन आला का?"

"फोन नाही आला. का रे?"

"काही नाही, वाट पाहून राहिलो होतो त्यांची."

"अरे, तो तर गेला पुढं. टोल पार झाला त्याचा, केव्हाच."

ललितच्या जिवाला हायसं वाटलं. मालूबाईला कसं कळलं, हे त्याने विचारलं नाही. त्याला वाटलं, दगाने जास्तीचे पैसे भरून नाका ओलांडला, घरी तसा मेसेज टाकला, आणि आपण टपरीच्या मागे हात धूत असताना पुढे निघून गेला. मालूबाईनेही विचारलं नाही की तू वाट का पाहतोस, तुझ्याकडे काय आहे त्याचं. मित्रांनो, मी ओरडलो असतो. पण मला तोंड कुठे आहे? यंत्राने विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि विचारलं तरी मी एकच गोष्ट सांगतो.

बाराला दुसरा नाका आला. मी पुन्हा तेच सांगितलं. इंदूरला दोघांचे व्यापारी वेगळे, त्यामुळे गाठ पडली नाही, तरी कोणाला खटकलं नाही. संध्याकाळी परतताना पुन्हा दोन नाके. ललित तोच घाट चढला आणि त्या तुटक्या कठड्याजवळून तो गाणं ऐकत गेला. मालूबाईकडे चौथा मेसेज पोहोचला होता. तिने पीठ काढलं.

साडेआठला गाडी गल्लीत वाजली. ती पदराला हात पुसत दारात आली. ललित मला हातात घेऊन उभा होता.

"वहिनी, दगाभाऊचा टॅग राहिला माझ्याकडं. आले का ते?"

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे तुझ्याकडं कधीपासून हाये?"

"सकाळपासून," तो म्हणाला.

तवा चुलीवर तसाच राहिला. गल्लीतली माणसं दोन गाड्या घेऊन घाटात गेली. टॉर्च मारत मारत त्यांनी दगाला शोधलं. पाय स्टिअरिंगखाली अडकलेले होते. फोन छातीवर होता. सकाळी मालूबाईने भरून दिलेली पाण्याची बाटली उघडी आणि पूर्ण रिकामी होती.

तेरावं झाल्यावर ललित मला फाडायला निघाला होता. मालूबाईने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. कितीतरी वेळ ती पुठ्ठा उलटासुलटा करून पाहत होती.

"याला गाडीत कोण बसलंय ते कळत नाही का रे?"

"नाही वहिनी. गाडी कोणती तेही कळत नाही. याला याचा नंबर तेवढा माहीत."

"मला हे कोणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "मी तीन वर्षं याच्या भरवशावर झोपत होते."

ललित खाली मान घालून रडत होता. ती रडली नाही. "तुला मीच सांगितलं नं, पुढं गेला म्हणून," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं ती मला दोष देईल. तिने दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता मी तिच्या कपाटात, गाडीच्या कागदांत पडून आहे. माझं खातं बंद झालं आहे. संगणकात मात्र त्या दिवशीच्या चारही नोंदी आहेत, वेळेसकट, आणि त्यांत चूक काही नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत तरी विनवतो. घरी गेलात की वडिलांच्या, काकांच्या गाडीत पाहा. टॅग सुटा असेल तर तो काचेवर चिकटवायला लावा. दुसऱ्याला एका दिवसासाठीही देऊ देऊ नका. आणि घरचं माणूस रस्त्यावर असताना माझ्या मेसेजवर निर्धास्त होऊ नका. त्याचा आवाज ऐका. आवाज येत नसेल, तर जो कोणी म्हणेल की तो पुढे गेला, त्याला विचारा, तू स्वतः पाहिलंस का? अकरा वाजता त्या फोनवर दोघांपैकी एकाने जरी हे विचारलं असतं, तरी अर्ध्या तासात माणसं घाटात उतरली असती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, दगा दुपारी चारपर्यंत जिवंत होता.