तानुबाईनं कोंडलेलं वारं

मी एक जुना पावा आहे, मित्रांनो. अंगाला भोकं आहेत, पण ती जन्मापासूनचीच बरं का!

माण तालुक्यातल्या नानासो धनगरानं कळकाच्या पेरातून मला घडवलं. मेंढरं चारताना तो मला ओठाशी धरून नुसताच बसायचा. "वारं आल्याबिगर वाजवू न्हाई," म्हणायचा. आमच्याकडे अंगात देव येतो, त्यालाही वारंच म्हणतात. ते आलं की तो असा वाजवायचा, की वाटेनं जाणारे फटफटी थांबवून ऐकत. काय दिवस होते ते!

दोन वर्षांपूर्वी नानासो गेला. शेवटचा दम त्यानं माझ्यातच सोडला. त्याच्या बायकोनं, तानुबाईनं, लगोलग माझ्या सगळ्या भोकांत लोकर कोंबली आणि वर मेण थापलं. "धन्याचं वारं आत हाय. जाऊ देनार न्हाई."

मला देव्हाऱ्यात ठेवलं. रोज दिवेलागणीला ती मला कानाशी धरायची. आत बारीक कुरकुर ऐकू आली की खुलायची. "बोला," म्हणायची आणि दिवसभराचं सगळं सांगत बसायची.

अहो, ती कुरकुर किड्याची होती! तो मला आतून पोखरत होता. ओरडून सांगावंसं वाटे, पण तोंडात बोळा. तिचा हसरा चेहरा जवळ आला की मला भीती वाटायची.

दिवाळीला तिचा मुलगा मल्हार कुपवाडच्या कारखान्यातून घरी आला. माझ्याखाली सांडलेली पिवळी पिठी त्यानं बोटावर घेतली. "आये, कीड लागलीया. पार भुगा हुईल ह्याचा."

"गप रं! तुझा बा हाय त्यो."

मल्हारनं बोटावरची पिठी झटकली. म्हणाला, "कारखान्यात एक सायब आलता, इन्स्पिरेशनवर बोलाया. म्हनला, मूळचा लॅटिन शब्द हाय, आत श्वास फुकनं असा अर्थ. म्हंजे बाचं वारंच की! पर आये, वारं कोंडून ऱ्हातंय व्हय?"

तिनं खाली सांडलेल्या पिठीकडं बघितलं आणि मला त्याच्या हाती दिलं. त्यानं मेण खरवडलं, लोकर उपसली, कडुनिंबाचं तेल सोडलं. कीड मेली.

दुसऱ्या दिवशी तिनं कान लावला. सारं चिडीचूप. "आवं, बोला की," ती म्हणाली. परत म्हणाली. मग मला तोंडाशी घट्ट धरून, दोन वर्षांत पहिल्यांदाच, ओक्साबोक्शी रडली. तिचा हुंदका माझ्यात शिरला आणि मी वाजलो! फुटका, बेसूर, पण वाजलो.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जपा, तिला तेलपाणी करा. पण बोळे कोंबून ठेवू नका. आतल्या आत लय जीव जातो.

माझ्या त्या आवाजानं तानुबाई दचकली. तिनं दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं. मग पदरानं डोळे पुसले, मला पुन्हा ओठाला लावलं आणि हळूच म्हणाली, "आता मी फुकते. तुमी ऐका."