खेळतं भांडवल

मित्रांनो, मी या गावाच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. हे मी म्हणत नाही, माझ्या उद्घाटनाला आलेले पाहुणे म्हणाले होते. खरं सांगायचं तर मला कणाच नाही. एक हात आहे, तो लोक ओढतात. त्यावरून माझं नाव पडलं एकहात्या. मी एक जुनं, सरकारमान्य, परवानाधारक जुगाराचं यंत्र आहे.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी माझ्या पोटात तीन चक्रं बसवली आणि चक्रांवर फळं रंगवली. एका ओळीत तीन सारखी फळं आली की मी पैसे ओकायचे. दोन यावीत आणि तिसऱ्याने केसभर पुढे सरकावं, ही सोय त्यांनी फार मन लावून केली होती. हरणाऱ्याला आपण हरलो असं वाटू नये, थोडक्यात हुकलं असं वाटावं. एवढंच माझं शिक्षण.

मग मला या गावात आणलं. इथला कुलपांचा कारखाना नुकताच बंद पडला होता. त्याच शेडच्या खिडक्या बुजवल्या, आत लाल गालिचा अंथरला, बाहेर 'करमणूक केंद्र' अशी पाटी लावली. पाहुण्यांनी फीत कापली. "जुगार काय, चोरून चालतच होता," ते म्हणाले. "आता कायद्याने चालेल. सरकारला कर मिळेल, आणि या गावात पैसा खेळता राहील!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या समोरच्या सायकलवाल्याने.

त्याचं आणि त्याच्या बायकोचं सायकल दुरुस्तीचं दुकान कारखान्याच्या फाटकासमोर होतं. कामगार गेले तशा सायकली गेल्या. करमणुकीला येणारी मंडळी मोटारीतून येत. त्यामुळे सायकलवाल्याला वेळच वेळ होता. एका दुपारी तो सहज आत आला, माझा हात ओढला आणि जिंकला. मित्रांनो, त्या दिवशी तो हरला असता तर वाचला असता.

पुढे तो रोज येऊ लागला. माझ्यासमोरच्या स्टुलाला त्याच्या बैठकीचा आकार आला.

एकदा त्याची बायको त्याला शोधत आत आली. हाताला वंगण तसंच होतं. पहारेकरी गालिच्याकडे बघून कळवळला.

"अहो, गिऱ्हाईक खोळंबलंय. ट्यूब बदलायचीय. दुकानात एक ट्यूब नाही, आणायला जावं तर डबा रिकामा."

"डब्यात काय होतं?" माझ्यावरची नजर न काढता त्याने विचारलं.

"काय होतं म्हणजे? आपलं खेळतं भांडवल."

"मग? खेळतंय की!"

आसपासचे खो खो हसले. ती हसली नाही.

"खेळतं म्हणजे जाऊन परत येणारं. मी ट्यूब आणते, विकते, पैसा घरी येतो. याच्या घशात गेलेलं कधी घरी आलंय?"

"आत्ता आलं असतं. दोन लिंबं लागली होती गं! तेवढ्यात तू हाक मारलीस."

"बरं झालं. आता दुकान बसलं की तेही माझ्याच हाकेने बसलं म्हणून सांगा." मग तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "काय चकाकतोय मेला! याला तेलपाणी कोण करतं?"

"खास माणूस येतो, दर आठवड्याला," पहारेकरी अभिमानाने म्हणाला.

"असेल. आमच्या पंपाला वायसर मिळेना."

ती निघून गेली. त्याने पुन्हा माझा हात धरला. सोड रे बाबा, असं मला म्हणता आलं नाही. मला तोंड आहे, पण ते फक्त पैसे टाकायला.

दुकान बसलं. त्या गाळ्यात सोनं तारण ठेवून घेणारा आला आणि त्याचं बस्तान महिन्यात बसलं. केंद्राच्या वर्धापनदिनी पाहुणे पुन्हा आले. परिसरात नवे व्यवसाय उभे राहत आहेत, असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सायकलवाल्याची बायको तेव्हा पंप घेऊन बसथांब्यापाशी हवा भरत होती. ते व्यवसायात धरत नाहीत.

आता मी म्हातारा झालो. पडद्यावर बोट लावून खेळायची यंत्रं आली, मला कोपऱ्यात लोटलं. पण मित्रांनो, माझी काळजी करू नका. आमची निगा राखणारे पुष्कळ आहेत. एवढंच करा, घरातलं कोणी आमच्यासमोर बसलेलं दिसलं, तर हाक मारायला भिऊ नका. तिसरं फळ तुमच्या हाकेने हुकत नाही. ते कारखान्यातच हुकवलेलं असतं.

सायकलवाल्याचं विचाराल, तर त्याला केंद्रातच दाराशी नोकरी लागली. गणवेश आहे, टोपी आहे. त्या दिवसापासून त्याने जुगाराला हात लावलेला नाही. कर्मचाऱ्यांना खेळायला मनाई आहे.