शालिग्रामची दुखणी

"इथं दुखतं?" डॉक्टरांनी बेंबीच्या उजवीकडे बोटं दाबत विचारलं.

"थोडं खाली," शालिग्राम म्हणाला. "हां, तठेच साहेब."

शालिग्रामचं पोट ठणठणीत होतं. सकाळीच त्याने त्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा घातला होता. दुखत होतं ते त्याच्या बायकोचं, बेबाबाईचं. ती घरी गोधडीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. पण कामगार विमा शालिग्रामचा होता. जळगावात योजना नवी होती आणि सरकारने तूर्त फक्त कामगाराला आजारी पडायची परवानगी दिली होती. बायकापोरांचं पुढे बघू, असं ठरलं होतं.

गल्लीने यावर आपल्या परीने तोड काढली होती. गिरणीत कायम असलेला शालिग्राम तिथे एकटाच. बाकीचे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाच्या हंगामापुरते. त्यांना विमा नव्हता. तेव्हा सगळ्या गल्लीची दुखणी शालिग्रामने अंगावर घ्यायची आणि विमा दवाखान्यातून औषध आणायचं, असा रिवाज पडून गेला. झुंबरबाईचा खोकला तो इतका हुबेहूब खोकायचा की खुद्द झुंबरबाईला काळजी वाटे. तोताराम आबांचा दमा त्याने गेला हिवाळाभर सांभाळला होता. डॉक्टरांच्या लेखी शालिग्राम हा गिरणीतला सर्वांत आजारी आणि सर्वांत कमी रजा घेणारा कामगार होता.

औषधाला बाटली घरून न्यावी लागे. म्हणून प्रत्येक घराची एक बाटली बेबाबाईच्या फळीवर असायची. सगळ्या एकसारख्या, पण कोणती कोणाची हे तिला नुसतं बघून कळे. आज तिने आपली दिली होती, आणि त्याचं बोट धरून पोटावर जागा दाखवली होती. "आठे. इसरू नका."

डॉक्टरांनी दाबलेला हात एकदम उचलला. "सोडल्यावर जास्त दुखतं?"

हे बेबाबाईने शिकवलं नव्हतं. पण पहाटे पोट शेकताना त्याने गरम फडकं उचललं, तेव्हा तिने पदर दातांत धरला होता. ते आठवून तो "हो" म्हणाला, आणि भीतीने त्याचं पोट आपोआप आवळलं गेलं.

अंगात ताप नव्हता, पण डॉक्टर तरुण होते, त्यांना धोका पत्करायचा नव्हता. अपेंडिक्स सुजलंय, फुटलं तर माणूस हाती लागत नाही, आजच कापायला हवं, असं त्यांनी समजावून सांगितलं. लगेच फोन केला. मोठ्या दवाखान्यात विमेदाराची खाट राखीव होती, सर्जनसाहेब थांबायला कबूल झाले, गाडी दारात लागली. एवढ्या तातडीने शालिग्रामसाठी आजवर कोणी काही केलं नव्हतं.

आता 'साहेब, पोट माझं नाही' एवढंच म्हणायचं होतं. ते ओठापर्यंत आलंही. पण मग विमा जाणार, कदाचित नोकरी, आणि आबांचा दमा उघड्यावर पडणार. शिवाय त्याला वाटलं, गाडी आहे, खाट आहे, सर्जन आहे. आता फक्त पोट तेवढं बदलायचं. तो निमूट गाडीत बसला.

घरी सांगून येतो म्हणून त्याने गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली, आणि परत आला तो बायकोला उचलूनच. ड्रायव्हर झुलालने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"पेशंट कोन शे, भाऊ?"

"ही."

"आन तू?"

"मना विमा शे."

झुलालने उतरून मागचं दार उघडलं.

मोठ्या दवाखान्यातल्या कारकुनाला मात्र हे पटेना. "कार्ड यांचं आणि पोट यांचं," तो म्हणाला. "असं कसं चालेल?" त्याचंही चूक नव्हतं. आधी विम्याचं ऑपरेशन रद्द व्हायला हवं होतं. तसा निरोप वर गेला, आणि तो लगेच पोचला. पेशंट ठणठणीत आहे असं कळल्यावर सर्जनसाहेब आपल्या कामाला धुळ्याला निघून गेले. बेबाबाई साध्या रांगेत लागली.

बायकांच्या वॉर्डात विमेदार बायकांची एक खाट होती. पांढरी चादर, रिकामी. गिरणीतल्या बायांच्या तब्येती त्या आठवड्यात बऱ्या असाव्यात. बेबाबाईला तिच्याच खाली, फरशीवर चटई मिळाली. खाटेचा लोखंडी पाय तिने मुठीत धरून ठेवला होता. मंदाबाई नर्स त्या खाटेसाठी कारकुनाशी भांडून आली, हात हलवत. मग तिने खाटेवरची उशी काढून बेबाबाईच्या डोक्याखाली सरकवली. उशीबद्दल नियम नव्हता.

दुपारी दुखणं एकाएकी थांबलं. शालिग्रामला हायसं वाटलं. त्याने मंदाबाईला तसं सांगितलं, तेव्हा ती धावतच सर्जनसाहेब आले का ते पुन्हा बघायला गेली.

"बाटली कोठे शे?" बेबाबाईने विचारलं.

त्याने खिशातून काढून दाखवली. सकाळपासून ती रिकामीच होती.

"हारपू नका. आपली शे ती."

सर्जनसाहेब दिवेलागणीला परतले. ऐकल्याबरोबर त्यांनी हात धुतले आणि जे करता येईल ते सगळं केलं. बाहेर येऊन ते म्हणाले, "फार उशीर केलात. सकाळी आणायला हवं होतं."

"हो साहेब," शालिग्राम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत बेबाबाई गेली.

दिवसपाणी आटोपल्यावर शालिग्राम फळीपुढे उभा राहिला. बाटल्या ओळीने होत्या. कोणती झुंबरबाईची, कोणती आबांची, त्याला ओळखू येईना. सगळ्या त्याने राखेने घासल्या, गरम पाण्याने विसळल्या आणि ओट्यावर उपड्या घातल्या.

गल्लीतली माणसं एकेक करून आली. कोणी दुखणं सांगितलं नाही. झुंबरबाईला खोकला आला, तो तिने पदरात दाबला. हाताला लागेल ती बाटली उचलून जो तो घरी गेला.

एक उरली. ती केव्हाच सुकली होती, तरी शालिग्रामने ती सुलटी केली नाही.