भावजयीच्या गाडीचा मागचा अॅक्सल

थोरलीने शेडचं शटर वर ढकललं, तेव्हा भावजय मोटारहोमच्या पायरीवर बसून कुणाच्या तरी कोटाला बटणं लावत होती. ती उठली नाही.

"एक तारखेपासून शेड सुताराला दिलीय," थोरली म्हणाली. "त्याच्या आत गाडी इथून हलली पाहिजे."

"गाडीला सांगा, वन्सं. मी तर कधीची तयार आहे." भावजयीने दोरा दाताने तोडला.

गाडी हलणार कशी? मागची चाकं जमिनीपासून वीतभर वर, अॅक्सलखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या, आणि अॅक्सलच्या मधोमध जो गोल फुगवटा असतो त्याचं झाकण काढलेलं. आत सगळा पोकळ अंधार. जुने गिअर परातीत पडले होते, त्यांचे दाते खाल्लेले. नवे खोक्यात होते. थोरलीच्या धाकट्या भावाने ही जुनीपुराणी मोटारहोम हौसेने घेतली होती. नवराबायको दोघांनी त्यातच राहायचं, असा बेत होता. मागून रडल्यासारखा आवाज येतो म्हणून त्याने अॅक्सल उघडला, आणि नवे गिअर बसवायच्या आधीच त्याच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलमधून तो परत आला नाही. भावजयीने भाड्याच्या खोल्या सोडल्या, शिवणयंत्र गाडीत चढवलं आणि घोड्यांवर उभ्या असलेल्या त्या घरात ती एकटी राहू लागली. घाटापलीकडच्या गावात तिची मावशी होती, शिवणाचं कामही मिळणार होतं. पण तिथवर जायला चाकं फिरायला हवीत.

शेड वडिलांनी थोरलीच्या नावावर केली होती. याच शेडमध्ये दोघं बहीणभाऊ गिअरच्या कामाला हात लावायला शिकले, आणि पुढे कित्येक वर्षं दोघांनी मिळून ती चालवली. भावाचं लग्न झालं, तो संध्याकाळी लवकर घरी जायला लागला, जेवणाचा डबा दोघांऐवजी एकाचाच येऊ लागला. थोरलीने एक दिवस हात धुतले आणि कारखान्यात लेथवर नोकरी धरली. दोष कुणाचा, हे तिने मनात तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

"दुसरा मेकॅनिक का नाही बघितलास?"

"दोघं येऊन गेले. गेलेल्या माणसाने अर्धवट सोडलेलं काम आहे, आम्ही हात लावणार नाही म्हणाले. अपशकुन वाटतो त्यांना."

"गाढव आहेत." थोरलीने खोक्यातले नवे गिअर उघडून पाहिले. "मी बसवते. मग तू निघ. एक दिवससुद्धा थांबायचं नाही."

"थांबायची हौस नाही मला. तुमच्या छपराखाली तर नाहीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. भावजय बॅटरीचा उजेड धरून बाजूला उभी राहिली. थोरलीने तिला जा म्हणून सांगून पाहिलं, पण ती ढिम्म.

"गाडी माझी आहे. काय करताय ते मला बघायचंय."

"कळणार आहे का तुला?"

"डोळे आहेत मला."

थोरली कामाला लागली. आत जोडीचे दोन गिअर बसायचे होते: एक मोठं चक्र, त्याला क्राऊन म्हणतात, आणि त्याला फिरवणारा लहान पिनियन. दोघांचे दाते नेमक्या जागी एकमेकांना टेकले पाहिजेत. पिनियनच्या मागे कागदासारखी पातळ पत्र्याची चकती असते; ती जरा जाड-बारीक झाली की सगळं बिनसतं. भावाने खोक्यात चकतीही काढून ठेवली होती. थोरलीने तीच घातली, प्रेसवर बेअरिंग दाबून बसवलं, पिनियन आत सरकवला. क्राऊनचं धूड मात्र एकटीला उचलेना. भावजयीने खालून हात दिला. दोघींची डोकी जवळजवळ आली, आणि चक्र जागेवर बसताक्षणी दोघी विंचू चावल्यासारख्या बाजूला झाल्या.

"बोट काढ. कापलं जाईल."

"काढलंय."

मग थोरलीने क्राऊनच्या दात्यांना पिवळा रंग फासला आणि पिनियन हाताने फिरवला. रंग जिथे पुसला जाईल तिथे दाते टेकतात, हे त्यावरून कळतं. तिने बॅटरी हिसकावून घेतली आणि आत पाहिलं.

रंग दात्याच्या मधे पुसला जायला हवा होता. तो पुसला होता वरच्या काठावर. पिनियन कमी आत बसला होता. जाड चकती लागणार. म्हणजे सगळं परत खोलायचं, बेअरिंग ओढून काढायचं, पुन्हा पहिल्यापासून.

आणि तसंच बंद केलं तर? गाडी इथून निघेल. सपाट रस्त्यावर कुरकुर न करता जाईल. घाट चढताना, सगळा भार मागे आल्यावर, कधीतरी दाते तुटतील. तोवर ती बया पन्नास गावं पलीकडे गेलेली असेल. थोरलीच्या मनात हा विचार आला आणि तिने तो झटकला नाही. उलट तो तिला गोड लागला. रस्त्याच्या कडेला, उन्हात, बंद पडलेल्या घराच्या पायरीवर बसलेली भावजय तिने डोळ्यांपुढे आणून बघितली.

"चालेल," ती म्हणाली आणि झाकणाकडे हात नेला.

"थांबा." भावजय वाकून आत बघत होती. "सगळीकडे काठावरच पुसलंय."

"मग?"

"शिवण अशी काठावर पडली तर पहिल्या ताणात उसवते. तुम्ही चालेल म्हणालात. बरोबर आहे असं नाही म्हणालात."

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. "तू मला शिकवतेस? माझ्या शेडमध्ये? ज्या हातांनी त्याला पाना धरायला शिकवला त्या हातांना?"

"तेच हात मला घाटात मारायला निघालेत."

हे ऐकून थोरलीच्या हातातलं झाकण खाली पडलं, फरशीवर गरगर फिरलं आणि आवाज करत निजलं. त्यानंतर जे बाहेर आलं ते गिअरबद्दल नव्हतंच.

"मला का नाही बोलावलंस? तो चार दिवस तिथे पडला होता. चार दिवस! मी या गल्लीच्या टोकाला राहते. सगळं संपल्यावर फोन केलास, तोही नर्सला करायला लावलास!"

भावजय मागे सरली नाही. "हो. नाही बोलावलं."

"का?"

"कारण तुम्ही आला असता तर त्याने मान तुमच्याकडे वळवली असती. लग्न झाल्यापासून वळवतच होता. मी जेवण वाढत असायची आणि तो म्हणायचा, ताई असती तर हे असं केलं असतं, ताई असती तर ते तसं. त्या चार दिवसांत तरी तो मला एकटीला हवा होता. बस."

"पापी आहेस तू."

"असेन. तुम्ही मला काठावरचे दाते देऊन पाठवत होतात. तुमचं काय नाव ठेवायचं?"

बाहेर कुणीतरी दुकानाची फळी लावत होतं. थोरली पडलेल्या झाकणाकडे बघत उभी राहिली. तिला भावजयीच्या कानाखाली ओढावीशी वाटत होती, आणि त्याहून जास्त संताप याचा येत होता की ती खरं बोलली. गिअरबद्दलही आणि भावाबद्दलही.

शेवटी तिने पाना उचलला.

"धर बॅटरी."

"परत खोलताय?"

"खोलतेय. आणि गळा काढू नकोस, तुझ्यासाठी नाही. अर्ध्या वाटेत बंद पडलीस तर परत माझ्याच दारात येशील. तू लांब जावंस, एवढंच मला हवंय. जितकी लांब जाशील तितकं बरं."

"तेवढं तर माझंही मागणं आहे."

क्राऊन पुन्हा बाहेर आलं. पिनियनवरून बेअरिंग ओढताना प्रेस कुरकुरला. थोरलीने डब्यातल्या चकत्या मापून जाड चकती निवडली. या वेळी पुसल्याची खूण थोडी जास्तच खाली उतरली. तिसऱ्या वेळेला पिवळ्या दात्यांच्या बरोबर मधोमध स्वच्छ डाग उमटला. सगळ्या दात्यांवर सारखा. थोरलीने बॅटरी भावजयीकडे दिली. तिने आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. या कामात दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं होतं आणि दोघींनाही ते आवडलं नाही.

झाकण लागलं, ऑईल भरलं. घोड्या काढल्यावर गाडी कण्हत चाकांवर बसली. पण नवे गिअर एकदम दामटून चालत नाहीत. आधी हळू चालवायचं, मग थांबून थंड करायचं, पुन्हा चालवायचं. आणि कुणालातरी मागे बसून आवाज ऐकावा लागतो. गाडी आता थेट मावशीच्या गावाच्या वाटेला लागणार होती; थोरलीला नाइलाजाने हत्यारांची पिशवी घेऊन तीत चढावं लागलं. आत शिवणयंत्र पट्ट्याने बांधलेलं होतं आणि भावाचे बूट दारापाशी होते. ती त्यांच्याकडे पाठ करून बसली.

भावजय गाडी चांगली चालवत होती. हेही थोरलीला खुपलं.

गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर त्या थांबल्या. थोरलीने खाली वाकून फुगवट्यावर तळहात ठेवला. गरम, पण चटका नाही. दोघी रस्त्याच्या कडेला बसल्या, मधे आणखी दोन माणसं मावतील एवढं अंतर ठेवून. ट्रक धुरळा उडवत जात होते.

"शेवटी तुमचं नाव घेतलं असं सांगितलं तर बरं वाटेल तुम्हाला," भावजय समोर बघत म्हणाली. "नाही घेतलं. माझंही नाही घेतलं. पाणी मागत होता."

थोरलीने चिंधीने नखांतलं ऑईल पुसलं.

"दिलंस?"

"प्यायला देऊ नका म्हणाले होते डॉक्टर. मी कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करत होते. रात्रंदिवस तेवढंच करत होते."

थोरलीला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून ती उठली आणि पुन्हा फुगवट्याला हात लावून आली. भावाचे ओठ कसे दिसत होते, हे तिला आता कायमचं कुणाच्या तरी सांगण्यावरूनच माहीत असणार होतं. ते तिने पाहायला हवं होतं. माफ करण्यासारखं ते नव्हतंच, आणि भावजयीने माफी मागितलीही नव्हती.

"थंड झालंय," ती म्हणाली. "अजून दोनदा असंच कर. पहिलं ऑईल महिन्याभरात बदल. त्यात धातूची चमक दिसेल, घाबरू नकोस. बोटाला कण टोचले तर मात्र गाडी उभी करायची."

"तुम्ही नाही येत पुढे?"

"आवाज ऐकला मी. नीट आहे."

भावजय गाडीत चढली. दार लावण्याआधी ती थबकली. भावाचे बूट तिने हातात घेतले होते. देऊ की नको, असं क्षणभर तिच्या तोंडावर दिसलं. मग तिने ते परत आत ठेवले आणि दार ओढून घेतलं. थोरलीने ते पाहिलं. तिनेही मागितले नाहीत.

गाडी वळणापलीकडे गेली. थोरलीने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि परतीची बस पकडली. गिअर ऑईलचा कुजका वास तिच्या हातांना, बाह्यांना, केसांनासुद्धा बसला होता. शेजारच्या बाईने नाकाला रुमाल लावला आणि उठून पुढच्या सीटवर गेली. थोरलीने रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली. तिला शेजारी कुणी नकोच होतं.