मी दालचिनी, औषध नव्हे

मी दालचिनी. आज जरा चढ्या आवाजात बोलणार आहे, कारण माझ्या नावावर खपवलेलं खोटं आता सोसवत नाही.

दूर समुद्रापारच्या डोंगरात मी एका झाडाची साल होते. माणसांनी सोललं, उन्हानं वाळवलं, अंग आपोआप वळलं. गोणीतून मुरूम गावच्या बाजारात आले तेव्हा वाटलं, आता कुणाच्या तरी रश्श्यात उतरायचं. पण एका जीपवाल्यानं माझी पूड करून बरण्यांत भरली आणि भोंगा लावला, "साखरेचा आजार मुळापासून जाणार! गोळ्या फेका!"

जळकोटच्या तात्यारावांना साखरेनं कैक वर्षं गाठलेलं. त्यांनी मला घरी नेलं.

"चांगुणे, आजपासून गोळ्या बंद."

"आवं, डाक्टरला इचारलं का?" बायकोनं विचारलं.

"झाडाची साल हाय ही. हिचा कसला अपाय?"

बरणीत मी तडफडत होते. अहो, मी चिमटीची! माझ्यात कॅल्शियम आहे, मँगनीज आहे, चोथाही आहे. पण चिमटीत त्यातलं येऊन येऊन किती येणार? माझी खरी दौलत म्हणजे वास आणि तो गोडसर तिखटपणा. त्यावर मी ताठ उभी आहे. माझ्यासारखी जाड साल रोज चमच्यानं गिळली तर यकृताला बाधते, हेही सांगितलं असतं. पण मसाल्याचं ऐकतो कोण?

पुढं रानात तात्यारावांच्या पायात ज्वारीचं धसकट घुसलं. जखम भरेना, चिघळली. चांगुणाबाईंनी त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. अंगठा काढावा लागला.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं. तात्यारावांनी स्वतःकडंच बोट केलं.

घरी आल्यावर शेजारची गजराबाई माझी बरणी उचलून म्हणाली, "हिनंच घात केला. टाक उकिरड्यावर!"

चांगुणाबाईंनी बरणी हिसकावून घेतली. "ती काय बोलती व्हय? बोलला त्यो भोंगा!"

तात्याराव ते ऐकत होते. चालता येऊ लागल्यावर बाजाराच्या दिवशी ते काठी टेकत थेट जीपसमोर गेले. बरण्या घ्यायला ही गर्दी! त्यांनी चप्पल काढली, पाय पुढं केला आणि विक्रेत्याच्या हातातला माईक ओढला.

"तुझ्या नादानं म्या गोळ्या सोडल्या. माझा अंगठा कुठं गेला, सांग ह्या मानसांला!"

भोंग्यातून आवाज बाजारभर घुमला. विक्रेत्यानं घाईनं वायर उपटली. लोकांनी हातातल्या बरण्या खाली ठेवल्या आणि गर्दी पांगली. मला तर वाटलं, तात्यारावांच्या तोंडून मीच बोलले.

आता मी चांगुणाबाईंच्या काळ्या मसाल्यात आहे, धने-खोबऱ्याच्या शेजारी. तात्याराव आधी गोळी घेतात, मग भाकरी मोडतात.

माणसांनो, मला खुशाल जेवायला बोलवा. पण माझ्या नावानं कुणाची गोळी सोडवाल तर याद राखा! माझी फुशारकी मारायला भोंगा लागत नाही. मसाल्याच्या डब्याचं झाकण तेवढं उघडा.